सूर्य येतो त्या दिवशी, उमानाक

पाविया सेल काखेतल्या खिशात ठेवतो.
चार पेन्सिल सेल, रबरबँडात,
सीलच्या कातड्याच्या आत, लोकरीच्याही आत.
थंडीत रुसतात ते, म्हणतो.
जोड्या ठरलेल्या, फोडायच्या नाहीत:
एकीवर खिळ्याचा ओरखडा,
दुसरीवर निळं नेलपॉलिश, बायकोचं.
ती आता नूकला, मुलीकडे.

कॅमेऱ्याचा पडदा बंद. फ्लॅश बंद.
झूमऐवजी पाय, बर्फ करकरत.
फोटो कसा आला ते बघायचं नाही?
‘बघण्यातच निम्मा जीव जातो त्याचा.’

तीन महिन्यांनी आज सूर्य.
टेकडीवर सगळी शाळा, खाली कुत्र्यांचा कालवा.
ओरखड्याची जोडी भरली:
एक फोटो, दुसरा,
लाल दिवा.
निळी जोडी निघेपर्यंत डोंगरानं सूर्य गिळला.
तो हसला, एक सेल माझ्या तळहातावर ठेवला.
नुकत्याच घातलेल्या अंड्याइतका गरम.

घरी आल्यावर लगेच चार्जर नाही.
गारठलेली जोडी तासभर टेबलावर,
पाहुण्यांसारखी.
मग वायर, सावकाश चार्ज करणारी, जुनी.

नूकहून फोन आला. सूर्य दिसला का?
‘दिसला,’ म्हणाला पाविया,
‘अजून बघितला नाही.’