खंयचो मासो

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला
तो नेमणुकीच्या आदेशासोबत.
उदगीर ते आचरा : तीन एसट्या, एक रात्र, एक उलटी,
आणि सकाळी खिडकीत हे एवढं पाणी,
कुणी न मागता.

नववी ब. शनिवारचा शेवटचा तास.
मुख्याध्यापक म्हणाले, अवांतर काही वाचा,
मुलांना जगाची ओळख होऊ दे.
ग्रंथालयात जगाचं एकच पुस्तक होतं,
अनुवादित,
वाळवीनं कडेकडेनं चाखलेलं.

मी वाचायला लागले :
उत्तरेकडचा कुठलासा देश,
हिवाळ्यात दिवस उगवतच नाही.
एक म्हातारी, एक शेगडी, दारात साचलेला बर्फ
(बर्फ म्हणताच मागच्या बाकावरून : 'लादी की चुरो?').
म्हाताऱ्यानं होडी वर ओढली
आणि ओल्या हातानं बायकोला एक मासा दिला.

'बाई, खंयचो मासो?'
उल्हास सारंग. उभासुद्धा न राहता.
मासा रे, मी म्हटलं. मासा. पुढे ऐक.
'पन खंयचो?'

पुढे काही जाईना.
झुलेखा मुजावर, जी हजेरीलाही मान हलवायची,
ती म्हणाली : कर्ली दिली असली
तर त्यांचं भांडण आहे बाई,
अंधारात काटे काढत बसेल बिचारी.
आणि सुरमई असली, तर विकली का नाही?
तेजलच्या मते पेडवे असणार. पण पेडवा एकटा कोण देतं?
चाळीस मुलं माझ्याकडे बघत होती,
मी काहीतरी लपवत असल्यासारखी.

आमच्या उदगिरात मासा म्हणजे मासा.
बाजाराच्या टोकाला
नाकाला पदर लावून ओलांडायची गल्ली.

पुस्तकामागे अनुवादकाचा पत्ता होता.
आंतरदेशीय पत्र टाकलं.
दीड महिन्यानं उत्तर, थरथरत्या अक्षरात :
'मुळात शब्द आहे. माझ्यापाशी नव्हता.
चपटा असतो म्हणे, वाळूत पडून राहतो
वाळूच्याच रंगाचा होऊन.
लहानपणी इतरांसारखा पोहतो,
मग त्याचा एक डोळा हळूहळू पलीकडे सरकतो
आणि दोन्ही एकाच अंगाला येतात.
पुष्कळ शोधलं. शेवटी मासा लिहिलं.
मी जन्मभर सदाशिव पेठेत राहिलो.
क्षमा असावी.'

वाचून होण्याआधीच कौलं हलली :
'लेपो! बाई, लेपो तो!'
गणिताचे सर दारात येऊन बघून गेले.

झुलेखानं पान एकेचाळीस काढलं,
'मासा'वर पेन्सिलीनं काट मारली
(सरकारी पुस्तक, मी बघत राहिले),
वर बारीक अक्षरात लिहिलं : लेपो.

मग उल्हास उभा राहिला.
पहिल्यांदाच, माझ्या तासाला.
म्हणाला, बाई, लेपो उथळ पाण्यात गावता,
वाळयेत, पायाक लागता.
म्हंजे तो म्हातारो लांब गेलोच नाय.
घर दिसात, शेगडी दिसात,
तितक्याच पाण्यात होतो.

दोन वेळा मी ती गोष्ट वाचली होती,
शब्दार्थ काढले होते, तीन प्रश्नही.
कुणाला काही सुचेना. घंटा झाली तरी
कुणी दप्तर आवरलं नाही.

संध्याकाळी खोलीच्या पायरीवर
केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी.
ओलं, थंड,
दोन डोळे, दोन्ही वर,
आढ्याकडे टक लावून.
आम्ही लिंगायत. घरात अंड्याचं टरफल आलेलं नाही.
त्याचं मी काय केलं ते सांगत नाही.

रात्री आईला पत्र लिहायला घेतलं :
'इथं आज मला एका मुलानं एक मासा'
एवढं लिहिलं.
खोडलं.
कंदिलाची वात दोनदा वर केली.
आईच्या भाषेत त्याला काय म्हणायचं
ते आठवत बसले.