पेव

पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं,
हे भूपालनंच मला सांगितलेलं, लग्नाच्या वर्षी,
हरिपुरात, आज्जाच्या बुजलेल्या पेवाचं तोंड दाखवताना.
आधी झाकण काढायचं. कंदील सोडायचा दोरीनं.
ज्योत विझली तर वर बसून राहायचं,
कितीही घाई असली, व्यापारी दारात असला तरी.
"हळद वर्षानुवर्षं राहते गं आत.
माणूस नाही राहत."

मिरजेच्या केंद्रातनं तो पहिल्यांदा परत आला
तेव्हा आम्ही झाकण काढलं आणि सगळेच उतरलो.
आक्कांनी पेढा भरवता भरवता तोंडाचा वास घेतला.
धाकट्या दिरानं गल्ल्याची किल्ली करदोट्याला बांधली.
मी, चप्पल दारात सुलटी पडली की उलटी
यावरनं रात्र ओळखणारी,
न्हाणीतल्या पाण्याचे तांबे मोजत बसले.
अनुजा नववीत. बाप खोलीत आला की
ती पुस्तक मिटायची नाही,
फक्त पान उलटायचं थांबायचं.

दिवस बुडायच्या आत जेवणारं घर आमचं.
साडेसहाला भांडी घासून पालथी.
त्यानंतर त्याच्यासाठी रात्र केवढी उरते,
मी कधी विचारलं नाही.

एकशे बारा दिवस.
मग कुपवाडला नणंदेची वास्तुशांत.
तिचे मालक ग्लासांचा ट्रे धरून म्हणाले,
"भूपालला जपून द्या हं, सरबतच आहे."
सगळे हसले.
मीही हसले.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

त्या रात्री चप्पल उलटी.
आक्का म्हणाल्या, "बघ, मी म्हणत नव्हते?"
त्यांच्या आवाजात रडू होतं,
आणि रडण्याच्या खाली काहीतरी टेकल्यासारखं.
माझ्याही पोटात ते होतं.
नेहमीचं घर परत मिळालेलं:
ओरडायचं कुणी, दार लावायचं कुणी,
पदराखालनं पन्नासची नोट द्यायची कुणी,
ज्याला त्याला आपलं काम तोंडपाठ.

दुसऱ्या खेपेला केंद्रातल्या मुल्लाबाईंनी मलाच बसवलं.
"तुम्ही शेवटचं नीट झोपलात कधी?"
मी त्याच्या पिण्याच्या वेळा सांगायला लागले.
वारांसकट.
बाईंनी पेन खाली ठेवलं.
"मी तुमचं विचारलं."
मला उत्तर आलं नाही.

आता रात्री साडेनऊला मी गॅस पेटवते.
त्याच्यापुरता उपमा. मी खात नाही, समोर बसते.
तो यार्डातलं सांगतो: काट्यावर कुणी पाय ठेवला,
राजापुरीचा दर कसा पडला,
कधी काहीच सांगत नाही.
पहिले आठ दिवस आक्का आतनं नुसत्या खोकायच्या,
घराण्याचा नेम मोडतोय हे कळावं म्हणून.
नवव्या रात्री आवाज आला,
"मीठ घातलंयस का त्यात?"

अनुजानं परवा टक्केवारीचं गणित
मला सोडून त्याला विचारलं.
त्याचा हात थरथरला. उत्तर चुकलं.
"परत करू," म्हणाली ती, आणि पान उलटलं.

आज पावणेदहा झालेत. तो आलेला नाही.
उपम्यावर ताट झाकलंय.
फोन हातात आहे. लावत नाही.
दोरी थोडी सोडते, थोडी धरते.

फाटक वाजलं.
चपला कशा पडल्या ते मी बघितलं नाही.

बघितलं.
सुलट्या होत्या.

उद्या नाही बघणार.