अळणी समुद्र

हेल्यो म्हणाली, शेडमध्येच होती,
चाळीस वर्षं, हेरिंगच्या जाळ्यांखाली,
कुणी हात लावला नाही.
मी म्हटलं, बरं.
ट्रेलरवरून जावा उतरवली.
मागचं चाक फिरलं, पुढचं कुरकुरत फिरलं,
इंजिन तेवढं हूं की चूं करेना.

हीउमा बेटावर शेडमधला गंज सगळेच ओळखतात.
तो वरून येतो, छपराच्या थेंबाथेंबानं,
नटांवर, मडगार्डच्या काठावर,
सवडीनं खातो,
दात नसलेला माणूस पाव खातो तसा.
हा तसा नव्हता. हा आतून आला होता.

प्लग काढले. डिझेल आणि गिअरचं तेल
निम्मं निम्मं, दोन्ही भोकांतून ओतलं
आणि थांबलो.
आमच्या धंद्यात थांबणं हेच मोठं काम,
त्याचे पैसे मात्र लावता येत नाहीत.
रोज सकाळी किकवर नुसता तळवा ठेवायचा.
जोर केला की रिंग तुटते.
विचारायचं फक्त: आज?
अकराव्या दिवशी लोखंड
केसभर हललं.

तोवर कार्बोरेटर उघडला होता.
ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही, पीठ पडतं,
पांढरं, बोटाला खडूसारखं लागणारं.
फ्लोट त्या पिठात रुतून बसलेला,
आणि जेटच्या तोंडाशी वाळू, चिमूटभर,
आणि एक शिंपला, तांदळाच्या कणीएवढा.
गिअरबॉक्सचा बोल्ट सोडला:
आधी पाणी आलं, मग ताक.
कुठंतरी पाणी मुरलं होतं,
आणि ते छपराचं नव्हतं.
बोट जिभेला लावलं.
आमचा समुद्र तसा अळणी,
बाहेरचे खलाशी त्याला तळं म्हणतात.
पण लोखंडाला तेवढं मीठ पुरतं.

मी काही विचारलं नाही.
परसातल्या रुबार्बची पानं उकळली,
त्या पाण्यात लोखंडी भाग बुडवले,
रात्रभरात पाणी शाईसारखं काळं झालं.
बेअरिंगच्या गोळ्यांवर खड्डे, देवीच्या व्रणांसारखे.
ती फेकली. क्रँक वाचला.
सिलिंडरांत मात्र एकेक तांबडी कडी,
पिस्टन जिथं थांबले तिथं.
डावा वर, उजवा खाली.
या इंजिनात दोघं बरोबर वर येत नाहीत,
बांधणीच तशी.

गुरुवारी हेल्यो आली. बाकावर फडकं,
फडक्यावर शिंपला. उचलायचा राहिला होता,
की मीच ठेवला होता, आता नीट आठवत नाही.
तिनं हातमोजा काढला,
शिंपल्याला हात लावला नाही.

मार्च होता, म्हणाली.
पलीकडच्या किनाऱ्याकडे जायचा बर्फावरचा रस्ता.
बंद झाला की ज्युनिपरची फांदी आडवी टाकतात ना,
टाकली होती. मला दिसली होती.
सगळे म्हणतात एन्देल चालवत होता.
मी चालवत होते.
मला त्यांनी लगेच वर काढलं.
गाडीला मे महिन्यात.

स्टोव्हवरचं पाणी उकळत राहिलं.
एन्देलचं पुढचं ती बोलली नाही,
आणि माझ्या हातात नेमका पाना नव्हता,
हात कुठं ठेवावेत कळेना.

मग तिनंच विचारलं, कार्बोरेटर वाचेल?
म्हटलं, एक जेट नवी लागेल.
डावा सिलिंडर बोअर करून साफ निघाला.
उजव्यात, खाली, एक खड्डा उरलाय,
नखाला लागेल एवढा.
तो घालवायचा तर आणखी एक माप वर जावं लागेल,
मोठा पिस्टन, दोन महिने वाट.

ती आत वाकली. दिवा मी धरला.
करंगळी घालून बराच वेळ
ती तो खड्डा चाचपत राहिली.
असू दे, म्हणाली. आवाज येईल?

येईल. गार असताना.
पहिला एखादा मैल.