उधारीची वही

धोबीतलावच्या गल्लीत वाद्यं दुरुस्त करायचे आजोबा.
त्यांच्या वहीत, मोडी अक्षरात, एक साहेब आहे:
हॅलम, सॅक्सोफोनवाला.

अडतीस साल. दोन पॅड बदलले. रोख.
बेचाळीस. आता बँड त्याचा स्वतःचा,
बारा जणांची वाद्यं एकदम आली,
वर पोऱ्याला चार आणे.
सत्तेचाळीस.
ट्रम्पेटवाला बोटीने गेला, पियानोवाला बोटीने,
ह्याची बोटं मात्र इथंच अडकलेली
एका तुटक्या स्प्रिंगवर. उधार.

पुढे दोन पानं पिठाचा, रॉकेलचा हिशेब.
मग समासात, पेन्सिलीनं:
‘साहेब आला. पैसे नाहीत.
बाकावर बसून दिवेलागणीपर्यंत वाजवलं.
जमा.’

किती, ते लिहिलेलं नाही.
आजोबा तर
पै न् पै लिहीत.