पाणी: नाही

भेरूलाल सिमरोलहून यायचा,
रामबागेतल्या आमच्या जिन्यावर धापा टाकत,
पंचात दगड गुंडाळून.
"ताई, पाणी नी लागलं. हे लागलं."

काळ्या खडकाच्या पोकळीत
पेरूच्या गरासारखा गुलाबी स्टिल्बाइट,
गव्हाच्या पेंढीगत कमरेत आवळलेला.
सुरुंगानं एक कोपरा गेलेला.

तीनशे दिले. चिठ्ठी चिकटवली:
सिमरोल, विहीर, बावन्न फूट.
पाणी: नाही.

रात्री त्याचा सांडलेला कण
परीक्षानळीत घालून गॅसवर धरला.
शाळेची प्रयोगशाळा तीस वर्षं सांभाळली,
हात गप्प बसत नाहीत.
कण फुगला, पांढरा पडला,
आणि वर, नळीच्या गार काचेवर
थेंब.

पेन उघडं ठेवून बसले आहे.
चिठ्ठी खोडता येईल.
भेरूलालला काय सांगू?