वारा धरून

शिडी तुमची की माझी, आधी ते ठरवू.
माझी असेल तर भाडं लावत नाही,
फक्त खाली कुणीतरी धरायला हवं.
पुंता अरेनासमध्ये एकट्याने शिडी चढणारे
दोघे होते माझ्या ओळखीत.
आता मी उरलोय, आणि मी एकट्याने चढत नाही.

तर लिहून घ्या, एदेल्मिराबाई.
जस्ताचा नालीदार पत्रा, साडेतीन मीटरचा: सोळा हजार पेसो.
तुमच्या सांगण्यावरून सहा लागतील.
स्क्रूचं पाकीट, रबरी वायसरसकट, नऊ हजार.
वायसर स्वस्तातले मागू नका.
पत्रा पन्नास वर्षं टिकतो,
छप्पर गळतं ते नखाएवढ्या रबरापायी.
मजुरी दिवसाला सत्तर हजार, तीन दिवस.
एकूण तीन लाख पंधरा.

तीन दिवस म्हणजे किती दिवस,
ते मला नाही, सामुद्रधुनीला विचारा.
ज्या दिवशी चौकात माणसांना धरायला दोर बांधतात
त्या दिवशी मी पत्रा हातात घेत नाही.
आडवा पत्रा आणि मागून वारा,
माणसाचं शीड होतं.
वारा धरून नऊ दिवस म्हणा.
बसून काढलेल्या दिवसांचे पैसे मी घेत नाही.
घ्यायला हवेत, असं माझी बायको म्हणते.
आणि आभाळच फाटलं असेल तर
त्याच्या ठिगळाचा दर माझ्याकडे नाही,
हेही आधीच सांगून ठेवतो.

हं. वर जाऊन आलो.

तुम्ही म्हणालात, पलंगावर गळतं,
अकरा वर्षं, त्याच ठिगळाखाली,
तेलाचे डबे कापून रादोमिरनी स्वतः लावलेल्या.
म्हणालात, शंभर वेळा सांगितलं, माणूस बोलवा,
पण त्यांना पैशाचं पाणी करायचं नव्हतं,
म्हणून मग पाण्याचंच पाणी झालं.
हसलात तुम्ही. मीही हसलो.

ठिगळाचे स्क्रू मोजले. एकोणतीस.
सहा पुरले असते.
एवढे स्क्रू माणूस वाऱ्याला भिऊन मारतो,
नाहीतर खाली वाट बघणाऱ्या बायकोला.
कडा आत दुमडल्यात, डांबर दोन हात.
डब्यावरचं सूर्यफूल अजून अर्धं दिसतं.

म्हणून तुम्हाला पलंगावर उभं केलं, बाई.
बादलीभर पाणी ठिगळावर ओतलं.
तुम्ही आतून ओरडलात: कोरडं!
दुसरी बादली. कोरडं!
तिसरी ओतलीच नाही.
मग मगभर पाणी धुरांड्याच्या बुडाशी,
जिथं गॅसवाल्या कंपनीने पट्टी बसवली होती,
शिक्क्याची पावती देऊन.
मी थांबलो. शंभरपर्यंत मोजलं.
तुम्ही काहीच ओरडला नाहीत.

पाणी शिरतं तिथं पडत नाही.
वाशावरून दोन मीटर चालत येतं,
लाकडाच्या गाठीशी अडतं,
आणि मग खाली जे असेल त्यावर.
पहिल्या वर्षीच कुणी बघितलं असतं तर
पंधरा मिनिटांचं काम होतं.

बरं, आधीचा कागद फाडा.
नवा लिहा. धुरांड्याची पट्टी, शिशाची, चोवीस हजार.
सिलिकॉनच्या दोन नळ्या, बारा.
अर्धा दिवस मजुरी, पस्तीस.
एकाहत्तर हजार, बस्स.
पत्रे नकोत.

काय म्हणालात?
ठिगळ नाही काढत, कशाला काढू?
रंगाचा एक हात मारतो वाटल्यास,
सूर्यफूल सोडून.
ते कागदावर लिहू नका.
बरं, लिहा. पुढे शून्य लिहा.

गुरुवारी वारा पडेल म्हणतात.
तुमची हरकत नसेल तर शिडीला दुसरं कुणी नको.
मघाशी तुम्ही धरली होती,
हात थरथरत होते ते आत्ता, खाली उतरल्यावर दिसतंय.
वर असताना मला कळलं नाही.