उणे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव

पंचवटीतल्या आमच्या शाळेत चौदा संगणक,
पैकी नऊ चालतात, आणि दहावा
लहर लागली तर.
नववी ब त्यांच्यापुढे तिघं-तिघं बसते,
एक खुर्चीवर, दोघं खुर्चीच्या हातांवर.

क्रमिक पुस्तकातली गोदावरी
त्र्यंबकला उगम पावते, पूर्वेला वाहते
आणि शेवटी दोन गुणांना जाऊन मिळते.
आज मी त्यांना दुसरी दाखवली,
कुठल्याशा दूरच्या ग्रंथालयातली.
तिथे कपाटं नाहीत, शिक्के नाहीत,
नुसत्या ओळी: तारीख, तास, पाण्याची पातळी.
अकरा हजार ओळींची नदी
उतरून यायला सतरा मिनिटं लागली.
तोवर मी फळ्यावर अक्ष काढले
आणि रेवण पगारने डबा संपवला.

"मॅडम, ही खरी आहे?"
खरी आहे. काठावर एक यंत्र आहे,
ते रात्रीही जागं असतं.
"मग आपल्या नदीला तिकडे कोण घेऊन गेलं?"
ह्याचं उत्तर मला नीट देता आलं नाही.

आलेख उमटला.
मार्च-एप्रिलात कंटाळलेली सरळ रेघ,
गंगापूरचं आवर्तन सुटलं की एक पायरी,
जुलैत करवतीचे दात.
ऑगस्टात रेघ चढत गेली, चढत गेली,
आणि ऐन माथ्याशी येऊन कोसळली
पडद्याच्या तळाशी, कातळाच्या खाली, समुद्राच्याही खाली,
उणे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव मीटर.

वर्ग उधळला.
"गंगा पाताळात गेली!"
अलमास शेख तेवढी हसली नाही.
"एका तासात दहा किलोमीटर खाली," ती म्हणाली,
"मग परत वर कशी आली?"

ही खोली नाही, मी सांगितलं, ही रिकामी जागा आहे.
यंत्र वाहून गेलं असेल, नाहीतर वीज.
शून्य लिहिलं असतं तर वाटलं असतं, पाणीच नव्हतं.
म्हणून असा आकडा लिहितात
ज्यावर कुणीही विश्वास ठेवणार नाही.
मला ठाऊक असलेला
हा सगळ्यात प्रामाणिक आकडा.

छत्तीस तास रिकामे.
नेमके तेच छत्तीस.

बुधवारी गोदाघाटावर बाजार असतो.
मी नेलं नाही, ती आपणच गेली.
गुरुवारी टेबलावर वह्या आल्या.
लिंबं विकणाऱ्या कौतिकबाई:
पहाटे दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी.
भांडीबाजारातले तांबट काका:
कंबर कसली, गळा! माझी पातेली तरंगत होती.
सराफ बाजारचा पहारेकरी: डोक्यावरून.
तिघांचं तीन पाणी.
रेवण मारुतीला मोजपट्टी लावायला गेला,
एकाने हटकलं,
मग त्यानेच दुसरं टोक धरलं.

"आता भरू ना रिकाम्या ओळी?"
चार्वी बोरस्तेचं बोट कळीवर टेकलेलं.
नको. त्या तशाच राहू देत.
शेजारी नवा रकाना उघड आणि त्याला नाव दे.
'अंदाज' की 'ऐकीव' यावर मधली सुट्टी गेली.
शेवटी ठरलं: 'माणसांनी सांगितलेलं'.

घंटा झाली. अलमास थांबली.
रात्री तीनच्या ओळीसमोर तिने हळूच लिहिलं:
आमचं घर, मागची भिंत, पाच विती.
मी म्हटलं, कुणाच्या विती? एकक लागतं.
"माझ्याच. पण सहावीतल्या."

मग टेबलावर पंजा पसरून
ती बराच वेळ बघत राहिली.
म्हणाली, "हात वाढलाय, मॅडम.
दुरुस्ती करावी लागेल."